छातीइतकं पाणी

पडद्यावरची तिसरी ओळ उतरवून घेताना आम्रपालीचं पेन थांबलं. पहिल्या दोन ओळी तिनं वहीत लिहिल्या होत्या: ताप असेल तर पाण्यात उतरवू नये, उघडी जखम असेल तर उतरवू नये. तिसरी अशी होती: दोन्ही पायांवर सूज, उताणं झोपलं की धाप, थोड्या दिवसांत एकाएकी वाढलेलं वजन, यांतलं काहीही नव्यानं सुरू झालेलं असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पाण्यात उतरवू नये. वर्ग घेणारी अंकिता, मिरजेची फिजिओथेरपिस्ट, तिशीही न ओलांडलेली, तिन्ही ओळी एकाच आवाजात वाचून गेली आणि मग मागं वळून म्हणाली, "हे तिसरं जरा समजून घ्या. छातीइतक्या पाण्यात माणूस उभा राहिला की पाणी त्याचे पाय चहूबाजूंनी दाबतं. पायातलं रक्त, पायात साठलेलं पाणी वर सरकतं. वर म्हणजे कुठं? छातीत. जवळजवळ पाऊण लिटर. चांगलं हृदय ते पेलतं. थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही." मागच्या रांगेतला बिरदेव, विट्याच्या पोहण्याच्या टँकवरचा जीवरक्षक, म्हणाला, "म्हंजे मॅडम, तोंडात थेंब न जाता माणूस आतनं बुडायचा म्हणा की." सगळे हसले. अंकिताही हसली, म्हणाली, "वाक्य चांगलंय, पण पेशंटपुढं बोलू नका." आम्रपालीनं तिसरी ओळ लिहून घेतली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नवल वाटलं.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका खाजगी टँकच्या वरच्या मजल्यावर हा हॉल होता. खालून क्लोरीनचा वास येत होता. आम्रपालीला त्या वासात वीस वर्षं झाली होती. साताऱ्यात तिनं दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं, आधी मुलींना, मग त्यांच्या मुलींना. इथं मात्र पोहायला कुणी शिकवत नव्हतं. गुडघे झिजलेली, अर्धांगातून उठलेली, मधुमेहानं पाय बधिर झालेली, हृदयाची झडप बदललेली माणसं पाण्यात कशी उभी करायची, कशी चालवायची, कुठं थांबवायची, हे शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा हा पाच दिवसांचा वर्ग होता आणि आज पाचवा दिवस. दुपारी प्रत्येकाला एक अनोळखी माणूस मिळणार होता: आधी त्याची विचारपूस, मग वीस मिनिटं पाण्यात. त्या परीक्षेत उतरलं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं तर साताऱ्याच्या टँकवर सकाळी दहाचा तास आम्रपालीचा. हा तास तिनंच मागून घेतला होता. आई गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात तिनं अर्ज लिहिला होता, चांगला अर्ज, नेमक्या शब्दांचा. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला ज्या एका गोष्टीनं सुख दिलं, ते आणखी काही बायकांना मिळावं, असा काहीतरी त्याचा अर्थ होता. आईचं नाव अर्थातच त्यात नव्हतं. आता पडद्यावर चौथी ओळ आली होती, पाचवी आली होती. आम्रपाली त्याही लिहून घेत होती. दुपारी एका परक्या माणसाचा हात धरून त्याला पाण्यात न्यायचं आहे, आणि माझा हात तो आहे ज्यानं तिसऱ्या ओळीतली बाई पाण्यात नेली होती, हे तिच्या डोक्यात असं सरळ वाक्यात उभं राहिलं, आणि ते पुसण्यासाठी तिनं वहीच्या समासात उगाच एक चौकोन काढला, मग त्या चौकोनात दुसरा.

आईला, मुक्ताबाईला, तिनं माधवनगरहून साताऱ्याला आणलं त्याला दोन वर्षं झाली असतील. आष्ट्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मुक्ताबाई माधवनगरला आली आणि सूतगिरणीत बावीस वर्षं उभी राहिली. गिरणी बंद पडल्यावर बसली, ती गुडघे धरूनच. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा, सांध्यांवर भार येत नाही. मुलगी टँकवरच नोकरीला. याहून सोपं काय? अकराच्या बायकांच्या तासाला ती आईला घेऊन गेली. आई काळी लेगिंग आणि वडिलांचा जुना टी-शर्ट घालून पायऱ्यांवर उभी राहिली, लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून. एकेक पायरी. घोटे, पोटऱ्या, मांड्या, कंबर. पाणी छातीला लागलं तशी ती थांबली. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं. आणि म्हणाली, "ऊर भरून आला गं, आमू."

आम्रपालीनं काही विचारलं नव्हतं. काय विचारायचं होतं? महाडच्या तळ्याची गोष्ट ज्या घरात मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळते, त्या घरातली ती मुलगी होती. आई लहानपणी आष्ट्याकडच्या त्या खेड्यात विहिरीच्या काठापासून दहा पावलं लांब रिकामी घागर घेऊन उभी राहायची, हे तिला ठाऊक होतं. "उभं ऱ्हायचं. कुणी वतलं तर भरायचं. न्हाई वतलं तर ऱ्हायचं." एवढंच आई सांगायची, तेही खोदून विचारल्यावर. ती बाई आज सदुसष्टाव्या वर्षी निळ्या फरशीच्या टँकात छातीपर्यंत पाण्यात उभी होती, आजूबाजूला वकिलीणबाई, मास्तरीणबाई, कुणा कुणाच्या सुना, सगळ्यांना तेच पाणी लागलेलं, आणि तिचा ऊर भरून आला होता. आम्रपालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं डोकं पाण्यात बुडवलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं डायरीत पानभर लिहिलं. एवढं चांगलं तिनं बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. त्यानंतर आठ वेळा ती आईला घेऊन गेली, मंगळवारी आणि शुक्रवारी. आठही वेळा आई पाणी छातीला लागलं की थांबली, डोळे मिटले, आणि आठही वेळा आम्रपाली अदबीनं दोन पावलं मागं सरकून उभी राहिली, देवळात नव्हे, पण जिथं कुणी आपल्या आत गेलेलं असतं तिथं माणूस जसं सरकतं तशी.

आणि सूज उतरत होती! हे आत्ता हॉलमध्ये आठवलं तेव्हा तिला खुर्ची मागं सारून उभं राहावंसं वाटलं. आईचे पाय दोन महिने सुजलेले होते. बोट दाबलं की खळगा राही. गुडघ्यांमुळं असेल, दिवसभर पाय खाली सोडून बसते म्हणून असेल. टँकवरून आलं की घोटे दिसू लागत. "बघ, पाण्याचा गुण आला," तिनं आईला म्हटलं होतं, शेजारणीला म्हटलं होतं, भावाला पुण्याला फोन करून सांगितलं होतं. पायातलं पाणी कुठं गेलं, असा प्रश्न तिघांपैकी कुणालाच पडला नाही. रात्री आईला उशीवर उशी लागायला लागली होती; मान अवघडते म्हणाली, म्हणून आम्रपालीनं नवी, जाड उशी आणली, निळ्या फुलांच्या अभ्र्याची. वजन वाढलं तर साताऱ्याची हवा मानवली. नवव्या वेळेनंतर पावसानं टँक बंद झाला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, हॉस्पिटलमध्ये आई गेली. हृदय दोन-तीन वर्षांपासून थकत आलं असणार, डॉक्टर म्हणाले, पेशंट बोलत नाहीत हो. टँकचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही आहे, असं आम्रपालीला तेव्हा वाटलंच नव्हतं.

"बिरदेव, तुम्ही पेशंट व्हा," अंकिता म्हणत होती. पडदा बंद झाला होता. बिरदेव पुढं येऊन खुर्चीत कण्हत बसला. एकानं विचारलं, "बाबा, छातीत दुखतंय का?" बिरदेव म्हणाला, "न्हाई." "धाप लागती का?" "न्हाई." "चक्कर?" "आरं न्हाई म्हणतोय की. घोडा हाय मी घोडा. तू कोण इचारणारा?" अंकितानं हसू ओसरू दिलं. "झालं? फॉर्म भरला, सगळीकडं नाही. आपल्याकडं 'न्हाई' हे उत्तर नसतं, तो रामराम असतो. म्हणून होय-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही. उशा किती घेता, विचारा. जिना चढताना कितव्या पायरीवर थांबता, विचारा. आणि पाण्यात असताना सारखं 'बरं वाटतंय का' विचारू नका. आमटी कशी करता ते सांगायला लावा. तेलात काय टाकता, मग काय, मग काय. आणि आमटी ऐकू नका. वाक्य कुठं तुटतं ते ऐका. निरोगी माणूस एका दमात फोडणीपर्यंत येतो. ज्याचा श्वास पुरत नाही त्याची वाक्यं आखूड होतात. त्याला ते कळत नाही, घरच्यांनाही कळत नाही, कारण ती हळूहळू आखूड होतात."

आम्रपाली खिडकीबाहेर बघू लागली. समोर ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान होतं, त्याच्यापुढं एक माणूस टायरला काळा रंग देत होता. आखूड. आईची वाक्यं आखूड होत गेली होती खरी. माधवनगरला असताना आई बोलायला लागली की थांबत नसे. गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, एका वाक्यात चार बायका, त्यांचे नवरे आणि मुकादम. साताऱ्याला आल्यावर वर्षभरात ती तीन-तीन शब्दांवर आली. "चहा ठेव. साखर कमी." "गेला तो. बरं झालं." "उभं ऱ्हायचं. कुणी वतलं तर भरायचं." आम्रपालीला ती वाक्यं फार आवडत. तिच्या घरात भिंतभर पुस्तकं होती आणि चांगल्या गद्यात काय नसतं हे शिकायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं. आणि इथं ही सातवी शिकलेली बाई एकही शब्द जास्त न वापरता सगळं बोलत होती. म्हातारपणानं आई गाळून निघाली आहे, तिला वाटायचं. एकदा तर तिनं एका मैत्रिणीला फोनवर आईची दोन वाक्यं म्हणून दाखवली होती आणि मैत्रीण म्हणाली होती, वा. आई शेजारीच बसली होती, पलंगाच्या कडेला, दोन्ही हात मागं टेकून, खांदे वर उचललेले. माणूस नीट श्वास मिळावा म्हणून असाच बसतो, हे कालच चौथ्या दिवशी चित्रासह शिकवलं होतं. काल ते चित्र बघूनही तिच्या मनात काही आलं नव्हतं, आणि आज ते सगळं एकदम, एकावर एक, भांडी मांडणीवरून घसरावीत तसं.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले. बिरदेवनं तिच्यापुढं ठेचा सरकवला. "घ्या ताई. आमच्या मंडळीनं केलाय. खाल्ला की सांगा कसा हाय, पर रडत सांगा." तिनं भाकरीचा तुकडा घेतला, खाल्ला. "काय झालंय का?" त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली. बिरदेव तिच्याकडं क्षणभर बघत राहिला, मग म्हणाला, "रामराम," आणि पुन्हा जेवायला लागला. हात धुवायला म्हणून ती खाली आली ती फाटकातून बाहेर पडली. पिशवी खांद्याला होती, वही पिशवीत. स्टँडवर गेलं तर साताऱ्याची गाडी मिळेल, संध्याकाळी घरी. तास दुसरं कुणीतरी घेईल किंवा कुणीच घेणार नाही, पोरांचं पोहणं आहेच. पोरं कशी सोपी असतात, पाण्यात घातली की ओरडतात. रस्त्याच्या पलीकडं माधवनगरची वडाप रिक्षा भरत होती, ड्रायव्हर नाव पुकारत होता. तिथं आता त्यांचं काही नव्हतं. दोन खोल्या भाड्यानं गेल्या होत्या. तरी ती चार पावलं त्या दिशेनं चालली आणि ड्रायव्हरनं तिच्यासाठी एका माणसाला आत सरकायला लावलं. तिला एकदम वाटलं की आत्ता निघून गेले तर हे असंच राहील. मी नेलं म्हणून आई गेली की नाही, हे सांगू शकणारी एक बाई त्या मजल्यावर बसली आहे आणि तिला विचारायची हिंमत माझ्यात नाही. विचारायचं होतं ते दोनच ओळींचं होतं. सकाळपासून ती ते मनातल्या मनात सुधारत होती, एखादा परिच्छेद सुधारावा तसं. "माझ्या ओळखीच्या एक बाई" अशी सुरुवात करून बघितली, मग तीही खोडली. "येताय का न्हाई ताई?" ड्रायव्हर म्हणाला. "नाही." "मग माणूस का सरकवला?" तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं.

तिच्या वाट्याला मनुबाई आली. आष्ट्याची, पासष्टची, उसाच्या रानात जन्म गेलेली. दोन्ही गुडघे गेलेले, साखरेची गोळी चालू, मोठा मुलगा साईराज लष्करात. अंकिताकडं ती तीन महिने व्यायामाला येत होती, पाण्यात आज पहिल्यांदाच. तपासून, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच सगळ्यांना परीक्षेसाठी आणलं होतं, हे आम्रपालीला ठाऊक होतं. तरी ती मनुबाईपुढं स्टूल ओढून बसली आणि विचारत गेली. उशा किती. पालथं झोपता की उताणं. पहाटे खोकला येतो का, म्हणजे, पहाटे कशानं जाग येते. संध्याकाळी पायातली जोडवी घट्ट होतात का. चप्पल कवा घेतली, ती आता बसते का. तिनं मनुबाईच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, पुन्हा दाबला. दहा मिनिटांचं काम वीस मिनिटांवर गेलं. फळीवर कागद लावून कठड्याशी उभी असलेली अंकिता घड्याळाकडं बघत होती. "काय गं पोरी," शेवटी मनुबाई म्हणाली, "माझी सोयरीक जुळवाय आलीयास व्हय? एवढं तर माझ्या सासऱ्यानंबी इचारलं न्हवतं."

पाणी कोमट होतं. आम्रपाली आधी उतरली आणि मनुबाईला समोर घेऊन, तिचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांवर घेऊन, उलटी चालत मागं सरकू लागली. घोटे, पोटऱ्या, मांड्या, कंबर. मनुबाईचे हात खरखरीत होते आणि तिची पकड पाण्याला घाबरलेल्या माणसाची नव्हती, जनावर ओढत नेणाऱ्याची होती. छातीला पाणी लागलं. मनुबाई थांबली. तिनं डोळे मिटले. आम्रपाली जागीच थांबली. "काय होतंय?" ती म्हणाली. आम्रपालीनं तिचे तळवे घट्ट धरले. "मावशी, काय होतंय? आमटी, आमटी कशी करता?" मनुबाईनं डोळे न उघडता म्हटलं, "गप ए. लय हलकं वाटतंय." "डोकं हलकं की अंग?" "आता हलक्यात बी परकार असत्यात व्हय गं?" "डोकं की अंग, सांगा." मनुबाई उत्तरासाठी तोंड उघडत होती, पण तोवर आम्रपालीनं तिच्या दंडाखाली हात घातला होता आणि तिला पायऱ्यांकडं वळवलं होतं. "चला, बाहेर. हळूहळू. कठडा धरा." तिचा आवाज मोठा झाला असावा, पलीकडं आपल्या माणसाला चालवणारा बिरदेव थांबून बघू लागला.

खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसलेल्या मनुबाईचा रक्तदाब बघितला, तो ठीक होता. पुन्हा बघितला, तोही ठीक. "मी काय मेले का काय?" मनुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तीन वर्सं झाली, पाय भुईला टेकला की कळ येती. आत्ता पयल्यांदा आली न्हाई, म्हणून जरा डोळं मिटलं. तर हिनं म्हशीगत हाकलून भाईर काढली." अंकितानं आम्रपालीला बाजूला बोलावलं. कागदावर तिनं काही लिहिलेलं नव्हतं. "बाहेर काढलंत यात चूक नाही," ती म्हणाली. "शंका आली तर काढायचंच. पण ताई, उत्तर येत होतं. ते तुम्ही येऊ दिलं नाहीत."

तेव्हा आम्रपालीनं विचारलं. सकाळपासून घासूनपुसून ठेवलेलं एकही वाक्य तिच्या तोंडी आलं नाही. "माझ्या आईच्या पायावर सूज होती. मला माहीत नव्हतं. म्हणजे सूज माहीत होती. मी तिला नऊ वेळा टँकात नेलं. छातीपर्यंत. ती म्हणायची ऊर भरून येतोय. मला वाटलं, तिला भरून येतंय." तिचीही वाक्यं आखूड झाली होती, पण त्यात आता आवडण्यासारखं काही नव्हतं. "त्यानं गेली का ती?"

अंकिताचा चेहरा विद्यार्थिनीसारखा झाला, एकदम लहान. तिनं खांद्याला हात लावला नाही, याचं आम्रपालीला बरं वाटलं. "कधी गेल्या?" "शेवटच्या वेळेनंतर एकोणीस दिवसांनी." अंकिता विचार करत होती, खरोखरच करत होती. "न्यायला नको होतं," ती म्हणाली. "माझ्याकडं आल्या असत्या तर मी नेलं नसतं. पण त्यानं गेल्या असं मी म्हणणार नाही. त्यानं गेल्या नाहीत असंही म्हणणार नाही. मी त्यांना बघितलेलं नाही, आणि बघितलं असतं तरी एवढं नेमकं कळलं नसतं." मग तिनं विचारलं, "ऊर भरून आला म्हणजे त्यांना काय होत होतं?" "माहीत नाही," आम्रपाली म्हणाली. "दोन्ही असेल," अंकिता म्हणाली. आम्रपालीच्या मनात आलं, दोन्ही हे उत्तर फार सोयीचं आहे. आई बाई होती, श्लेष नव्हे. तिच्या छातीत त्या त्या मंगळवारी, त्या त्या शुक्रवारी, नक्की काहीतरी एक होत असणार, किंवा एकदा हे आणि एकदा ते, आणि ते सांगायला तिचं तोंड उघडं होतं, श्वास नव्हता की शब्द नव्हता की नुसतं कुणी विचारलं नाही म्हणून. हे आता कुठूनच कळणार नव्हतं. सकाळपासून तिला वाटत होतं की उत्तर होय आलं तर आपण मोडून जाऊ आणि नाही आलं तर सुटू. यांतलं काहीच आलं नव्हतं, आणि ती ओल्या कपड्यांत उभी होती, आणि थंडी वाजत होती.

"आवं मॅडम!" मनुबाई खुर्चीवरून ओरडली. "घरनं दोन गाड्या बदलून आलीया मी. हिचं गणित चुकलं तर चुकलं, माझी ईस मिनटं कुणी खाल्ली?" अंकितानं घड्याळ बघितलं. "अकरा मिनिटं उरलीत," ती म्हणाली, आणि आम्रपालीकडं न बघता, फळीवरचा कागद सरळ करत, "दुसऱ्या कुणाला उतरायला सांगू का?" बिरदेव आपल्या माणसाला पायऱ्यांवर बसवून कठड्याशी आला होता. "मी नेतो की," तो म्हणाला. मनुबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नगं. तुझा हात बर्फावानी दिसतोय. हिचाच हात धरीन मी. भित्री हाय, पर सोडत न्हाई." आम्रपालीनं कपाळावरचं पाणी निपटलं. नको म्हणायला हवं होतं. नको म्हणण्यासारखं सगळं तिच्यापाशी होतं. "मावशी," ती म्हणाली, "या वेळी मी विचारीन तेव्हा सांगायचं. आणि मी घाई केली तर मला सांगायचं, थांब म्हणून." "सांगीन की. मला काय तोंड न्हाई?"

पुन्हा पायऱ्या. पुन्हा ते खरखरीत तळवे. पाणी कमरेला, पोटाला, छातीला. मनुबाई थांबली, पण डोळे मिटले नाहीत, कदाचित पुन्हा हाकलतील म्हणून. मग ती चालायला लागली. आम्रपाली उलटी चालत होती, पाठीमागं किती टँक उरला आहे ते न बघता, फक्त समोर बघत: ओठांचा रंग, नाकपुड्या, मानेची शीर, खांदे. सगळं होतं तसं होतं, आणि तरी तिला खात्री नव्हती. यापुढंही कधी असणार नाही हे तिला कळत होतं, साताऱ्याला दहाच्या तासाला दहा बायका असतील तर दहा वेळा नसणार. लांबीच्या मध्यावर मनुबाई हसली. कुणाला दाखवायचं नसलेलं, ओठांच्या एका कोपऱ्यातलं हसू. आम्रपालीनं पाय रोवला. "का हसलात?" "काय न्हाई." "काय नाही नको. का हसलात?" मनुबाईनं तिच्याकडं बघितलं, खरंच जाणून घ्यायचं आहे का अशा नजरेनं. "चार वाजलं असतील," ती म्हणाली. "घरी म्हशीची धार आज मालक काढत असतील." एवढं बोलून ती गप्प झाली, एवढ्यावर कुणालाही समजावं तशी. आम्रपालीला समजल्यासारखं वाटलंही: एका बाईची पंचेचाळीस वर्षं, एक नवरा, एक म्हैस, एक दुपार. त्यावर काय म्हणावं ते तिच्या मनात तयार झालं. चांगलं वाक्य होतं, एकही शब्द जास्त नव्हता. ते तिनं गिळलं.

"मग?" ती म्हणाली.